नवं व्हीएमसी येतंय: आधी मोजा, लिहून ठेवा, मग हात लावा

प्रश्न गोकुळ शिरगावच्या एका कारखानदाराचा आहे. आजवर दोन लेथ आणि एक जुनं एम-वन-टीआर मिलिंग यांवर काम चाललं. आता कर्ज काढून पहिलं व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं संगणकावर चालणारं मिलिंग मशीन, घेतलंय. टेबल १००० बाय ५०० मिलिमीटर, बीटी ४० स्पिंडल (टूलचा होल्डर बसतो त्या टेपरचं माप), ८००० आरपीएम, फॅनक कंपनीचा कंट्रोल. मशीन पंधरा दिवसांत येतंय आणि हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतोय. काम बहुतेक बिडाच्या कास्टिंगचं. त्यांनी विचारलंय की जागेची आणि विजेची तयारी काय करायची, कंपनीचा इंजिनिअर बसवून गेला की स्वतः काय तपासायचं, आणि फिक्स्चर प्लेट (जॉब पकडायची साधनं बसवण्यासाठी टेबलावरची भोकांची प्लेट), चौथा अक्ष (जॉब फिरवणारा रोटरी टेबल), मॅक्रो (कंट्रोलमध्ये स्वतः लिहिलेले छोटे प्रोग्राम) हे सगळं पहिल्याच आठवड्यात करून घ्यावं का.

नमस्कार. मी १४ वर्षं मशीन बसवून देण्याचं काम केलं आणि आता भोसरीत स्वतःचं शॉप चालवतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. बदल जरूर करा, पण पहिल्या आठवड्यात नको. मशीन कोरं असताना ते पूर्ण मोजा आणि आकडे एका जाड वहीत लिहा. सहा महिन्यांनी बोअर अंडाकृती यायला लागला, की पहिला प्रश्न येतो, 'हे सुरुवातीपासून असंच होतं का?' तेव्हा वही नसेल तर कंपनीचा माणूस तुमच्या प्लेटकडे बोट दाखवतो, तुम्ही त्याच्या स्पिंडलकडे दाखवता आणि मशीन चार दिवस बंद राहतं. वही असेल तर हा वाद अर्ध्या तासात मिटतो. मी हे दोन्ही प्रकार अनेक शॉपमध्ये पाहिलेत.

आता जागा. तुमची सध्याची फरशी म्हणजे मातीच्या भरावावर टाकलेला चार इंची कोबा असेल, तर पाच-सहा टनांच्या मशीनला ती चालणार नाही. कंपनीकडून फाउंडेशनचं ड्रॉइंग मागवा आणि त्याप्रमाणे सळई घालून स्लॅब टाका. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात आणि तुमच्या हातात पंधराच आहेत. म्हणून आजच फोन करा आणि डिस्पॅच दोन-तीन आठवडे पुढे ढकला. हप्त्याचा विचार करून हे जड जाईल, मला कळतं. पण ओल्या पायावर बसवलेलं मशीन पहिल्या दोन महिन्यांत एका कोपऱ्यानं खाली बसतं, आणि त्यानं वाया गेलेले जॉब एका हप्त्यापेक्षा महाग पडतात. हा स्लॅब आजूबाजूच्या फरशीपासून तोडून घ्या, मध्ये इंचभर फट ठेवून ती भरून घ्या, म्हणजे शेजारच्या पॉवर प्रेसचा हादरा मशीनपर्यंत येणार नाही. पश्चिमेच्या खिडकीखाली मशीन ठेवू नका. दुपारचं ऊन कॉलमच्या एका बाजूवर पडलं की ती बाजू वाढते आणि हेड कलतं. मागचा पॅनेलचा दरवाजा पूर्ण उघडला पाहिजे आणि चिप ट्रे बाहेर ओढता आला पाहिजे, एवढं टेपनं मोजून बघा.

विजेकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात आणि नंतर ड्राइव्हला दोष देतात. या आकाराच्या मशीनला साधारण २० ते २५ केव्हीए लागतात. महावितरणकडून मंजूर लोड तेवढा आहे का ते बघा, आणि नसेल तर अर्ज आजच करा. व्होल्टेज वरखाली होत असेल तर तीन फेजचा सर्व्हो स्टॅबिलायझर आणि त्याच्यापुढे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. मशीनसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा करा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावल्यावर दोन व्होल्टच्या आत आकडा यायला हवा, आणि तो सगळी मशिनं चालू असताना यायला हवा, रविवारी दुपारी शांततेत मोजून उपयोग नाही. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायचं विसरू नका. शेडमध्ये वेल्डिंग होत असेल तर त्याची अर्थ क्लॅम्प मशीनच्या बेडला किंवा त्याच्या पाइपला कधीही लावू देऊ नका.

जनरेटरवर मशीन चालवायचं असेल तर कंपनीला आधी विचारा. स्पिंडल ८००० वरून थांबतो तेव्हा त्याची ऊर्जा ड्राइव्ह परत लाइनमध्ये ढकलतं. महावितरणची लाइन ती सहज पचवते, पण छोट्या जनरेटरवर ती जायला जागा नसते, मग डीसी लिंक ओव्हरव्होल्टेजचा अलार्म येतो आणि लोक उगाच ड्राइव्ह बदलतात.

हवेचं सोपं आहे: सहा बार दाब आणि कोरडी हवा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत रोज किती पाणी जमतं ते तुम्हाला माहीतच आहे. ड्रायर घ्या. तेच पाणी टूल क्लॅम्पच्या सिलिंडरमध्ये आणि स्पिंडलच्या टेपरमध्ये जातं आणि टेपरवर तांबूस डाग दिसायला लागतात.

मशीन येईल त्या दिवशी हायड्राच्या (क्रेनच्या) ड्रायव्हरला घाई करू देऊ नका. पट्टा फक्त कंपनीनं दाखवलेल्या जागीच लागला पाहिजे. टेबल, हेड आणि काउंटरवेट असेल तर तेही प्रवासासाठी रंगीत ब्रॅकेटनं बांधलेलं असतं. मशीन पायावर बसेपर्यंत ते काढायचे नाहीत, आणि वीज देण्याआधी एकही राहू द्यायचा नाही. काढलेले ब्रॅकेट मोजा, एका डब्यात ठेवा, डबा कुठे ठेवला ते वहीत लिहा. दहा वर्षांनी शेड बदलताना हेच ब्रॅकेट लागतात. पूजा जरूर करा, आम्हीही करतो, खंडेनवमीलाही करतो. पण नारळ पायाच्या कडेला फोडा, टेबलावर नको. हळद-कुंकू पॅनेलच्या दरवाज्याला लावा, स्लाइडला नको. झेंडूच्या पाकळ्या टेलिस्कोपिक कव्हरच्या (स्लाइड झाकणाऱ्या सरकत्या पत्र्यांच्या) खाली गेल्या की वायपरमध्ये (कडेच्या रबरी पट्टीत) अडकून बसतात.

गंजू नये म्हणून लावलेलं चिकट तेल रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्यानं पुसा. थिनर वापरू नका, वायपरचं रबर आणि रंग दोन्ही खराब होतात. एअर गन तर अजिबात नको, ती घाण बाहेर काढत नाही, गाइडवेच्या आत ढकलते. हे साफ होण्याआधी कोणताही अक्ष हलवायचा नाही. वीज दिल्यावर सगळ्यात आधी कूलंट पंपावरचा बाण बघा. पंप उलटा फिरत असेल तर फेज उलटे लागलेत. सर्व्होला त्याचा फरक पडत नाही, म्हणून मशीन चालू होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पंप, कन्व्हेअर, हायड्रॉलिक पॅक मात्र उलटे फिरत राहतात.

लेव्हलिंगवर मी थोडा वेळ घालवणार आहे, कारण इंजिनिअर हे काम दुपारी जेवणाआधी उरकून टाकतो आणि तुम्ही शेजारी उभे असायला हवं. एक मीटरला २० मायक्रॉन दाखवणारी लेव्हल घ्या, दोन असतील तर उत्तम. टेबल एक्स आणि वाय दोन्हीच्या मध्यावर आणा. टेबल तेलदगडानं हलक्या हातानं पुसून घ्या, एखादा बर (धातूचा बारीक उंचवटा) लेव्हलखाली राहिला तर सगळं मोजमाप खोटं. एक लेव्हल एक्सच्या दिशेनं, दुसरी वायच्या दिशेनं ठेवा. आधी फक्त चार कोपऱ्यांच्या पॅडवर वजन घ्या, मधले पॅड सैल ठेवा. बोल्टला पाना लावून अगदी थोडा फिरवा, हात काढा आणि थांबा. बबल सरकतो, पुढे जातो, थोडा मागे येतो आणि मग स्थिर होतो. तो स्थिर होण्याआधीच पुढचा बोल्ट फिरवला तर तासाभरानं तुम्ही परत सुरुवातीलाच असाल. चार कोपरे जमले की मधले पॅड वर घ्या, फक्त टेकेपर्यंत. बबल हलला तर जास्त झालं.

इथं बहुतेक जण थांबतात. खरं तपासणं यानंतर सुरू होतं. लेव्हल टेबलावर तशीच ठेवून टेबल एक्समध्ये डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत हळूहळू न्या आणि वायच्या दिशेनं ठेवलेल्या लेव्हलचा बबल बघत राहा. टेबल मध्यावर असताना बबल बरोबर, पण डाव्या टोकाला एक रेघ पुढे आणि उजव्या टोकाला एक रेघ मागे असेल, तर बेडला पीळ आहे. तो कोपऱ्याच्या पॅडवर काढता येतो, पण त्याला संयम लागतो: समोरासमोरच्या तिरक्या जोडीतला एक बोल्ट किंचित वर, दुसरा किंचित खाली. असा पीळ राहिलेल्या मशीनवर फेस मिलनं सपाट केलेल्या प्लेटवर नखाला लागेल अशी पायरी येते, आणि लोक इन्सर्ट बदलत बसतात. सगळे आकडे वहीत लिहा, तारीख आणि वेळ घालून.

मग भूमितीची तपासणी. मशीनबरोबर कंपनीचा टेस्ट चार्ट येतो. त्यातली प्रत्येक ओळ तुमच्या शेडमध्ये, तुमच्या समोर परत मोजून घ्या, कारण चार्ट त्यांच्या कारखान्यात भरलेला असतो आणि मशीन मध्ये शेकडो किलोमीटर ट्रकमधून आलेलं असतं. स्पिंडलला डायल लावून टेबलावर ३०० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ फिरवा, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडचा फरक लिहा. ग्रॅनाइट स्क्वेअर ठेवून एक्स-वाय आणि झेडचा काटकोन बघा. टेस्ट मँड्रेल (तपासणीचा अचूक दांडा) लावून टेपरच्या तोंडाशी आणि ३०० मिलिमीटर खाली रनआउट (फिरताना किती डगमगतो ते) बघा. मँड्रेल १८० अंश फिरवून परत लावा आणि पुन्हा बघा. दोन्ही वेळा उंच जागा मँड्रेलबरोबर फिरत असेल तर दोष मँड्रेलचा, स्पिंडलबरोबर राहत असेल तर स्पिंडलचा.

बॉलबार टेस्ट (मशीन वर्तुळात फिरवून ते किती गोल येतं ते मोजणारी चाचणी) करून घ्यायचा आग्रह धरा. पुण्या-कोल्हापूरकडे ही सेवा भाड्यानं मिळते. वर्तुळाचा तो आलेख मशीनचा पहिला एक्स-रे आहे. अक्ष उलटताना येणारा काटा, काटकोनातला फरक, दोन सर्व्होंचा मेळ नसणं, हे सगळं एका कागदावर दिसतं. तो कागद वहीत चिकटवा. बॅकलॅशसाठी (अक्षाची दिशा उलटताना येणाऱ्या ढिलाईसाठी) डायल लावून हँडव्हीलनं १० मायक्रॉनच्या पायऱ्यांनी पुढे जा, मग मागे या, आणि पहिल्या उलट पायरीला डायल किती हलतो ते लिहा. फॅनकमध्ये बॅकलॅशची भरपाई पॅरामीटर १८५१ मध्ये असते. त्यात आज जो आकडा आहे तो लिहून ठेवा. पुढे कधी बॅकलॅश वाढला आणि कुणी तो आकडा वाढवून प्रश्न मिटवला, तर थांबा. नव्या मशीनचा बॅकलॅश अचानक वाढतो तेव्हा बहुतेक वेळा बॉलस्क्रूचं सपोर्ट बेअरिंग किंवा कपलिंग सैल झालेलं असतं, आणि पॅरामीटरनं ते घट्ट होत नाही.

स्पिंडलचं रनिंग-इन कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं, ते तसंच करा. ग्रीस भरलेल्या बेअरिंगमध्ये ग्रीस नीट पसरायला वेळ लागतो, म्हणून कमी वेगापासून टप्प्याटप्प्यानं वर जायचं आणि प्रत्येक टप्प्यावर हेडला हात लावून उष्णता बघायची. पहिल्याच दिवशी ८००० वर फिरवून दाखवा म्हणणारे पाहुणे येतील, त्यांना चहा द्या.

यानंतर लगेच, कुठल्याही बदलाच्या आधी, बॅकअप. फॅनकमध्ये मशीन चालू करताना पडद्याखालच्या सगळ्यात उजव्या दोन सॉफ्ट की दाबून धरल्या की बूट स्क्रीन येते आणि तिथून पूर्ण एसरॅमचा (बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीचा) बॅकअप कार्डवर घेता येतो. त्याच पडद्यावर पुसून टाकायचेही पर्याय असतात, म्हणून पहिल्यांदा कंपनीच्या इंजिनिअरकडून शिकून घ्या. शिवाय पॅरामीटर, पिच एरर भरपाई, मॅक्रो आणि पीएमसीची (मशीनचे स्विच-रिले सांभाळणाऱ्या कंट्रोलरची) माहिती वेगवेगळ्या फाइलमध्येही काढा. कार्डाच्या तीन प्रती करा आणि त्यातली एक घरी ठेवा. एका शॉपमध्ये दिवाळीला मशीन दहा दिवस बंद होतं, बॅटरी संपली, आणि सोमवारी चालू केल्यावर अलार्म ३००, म्हणजे अक्षांना आपली जागा आठवत नाही. बॅकअप घेतलेला होता, पण कार्ड कुठे आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. मशीन तीन दिवस उभं राहिलं. शून्य बिंदू परत बसवताना टूल चेंजची उंची थोडी चुकली आणि एटीसीचा (टूल आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेचा) हात होल्डरवर आदळला. हा सगळा खर्च एका बॅटरीमुळे झाला. बॅटरी दरवर्षी बदला, आणि बदलताना कंट्रोल चालू ठेवा, इमर्जन्सी दाबून. वीज बंद करून बॅटरी काढली की आठवण गेलीच.

मग चाचणीचा जॉब. नाजूक काम घेऊ नका, पण खोटं कामही घेऊ नका. ॲल्युमिनियमचा चौकोनी ठोकळा घ्या, त्यावर चौकोन, ३० अंशात फिरवलेला चौकोन, वर्तुळ आणि चार बोअर करा, आणि बाहेरच्या लॅबमध्ये सीएमएमवर (त्रिमितीय मोजमाप यंत्रावर) मोजून घ्या. त्यानंतर तुमच्या नेहमीच्या कास्टिंगचे तीस नग एका दिवसात करा आणि प्रत्येक नगाचा एकच बोअर त्याच गेजनं मोजून क्रमानं लिहा. सकाळी नऊचा नग आणि अकराचा नग यांत फरक दिसेल. ५०० मिलिमीटरचा बॉलस्क्रू पाच अंशांनी तापला तर जवळजवळ ३० मायक्रॉन वाढतो, हे साधं पोलादाच्या प्रसरणाचं गणित आहे. म्हणून रोज सकाळी पंधरा मिनिटांचा वॉर्म-अप प्रोग्राम चालवायचा, त्यात स्पिंडल आणि तिन्ही अक्ष पूर्ण लांबीत फिरायला हवेत. हा प्रोग्राम म्हणजे तुमचा पहिला बदल समजा.

आता बदलांकडे येतो. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर वहीतली तीच मोजमापं परत.

सुरुवात दशांश चिन्हापासून. फॅनकच्या पॅरामीटर ३४०१ च्या शून्य क्रमांकाच्या बिटवर ठरतं की दशांश चिन्ह नसलेला आकडा मिलिमीटर समजायचा की मायक्रॉन. आमच्या शॉपमध्ये जुन्या मशीनवर तो एक होता, नव्यावर शून्य. ऑपरेटरनं जुन्या सवयीनं 'झेड १००' लिहिलं, दशांश चिन्ह न देता. जुन्या मशीननं टूल शंभर मिलिमीटर वर नेलं असतं. नव्यानं ०.१ मिलिमीटरवर ठेवलं आणि पुढच्या ओळीत रॅपिडनं एक्समध्ये निघालं, सरळ क्लॅम्पमध्ये. होल्डर वाकला, क्लॅम्पचा बोल्ट तुटला. नशीब की दार बंद होतं आणि मुलगा बाजूला उभा होता. तेव्हापासून शॉपमधली सगळी मशिनं एकाच सेटिंगवर आहेत, आणि तरीही प्रत्येक आकड्यापुढे दशांश चिन्ह लिहायचा नियम आहे. तुमच्याकडे आज एकच मशीन आहे, पण दुसरं येईल. आत्ताच ठरवा.

पुल स्टडकडेही बघा, म्हणजे होल्डरच्या टोकाचा तो खुंट ज्याला धरून स्पिंडल होल्डर आत ओढतो. बीटी ४० चे स्टड ४५ अंशांचे असतात आणि ६० अंशांचेही, आणि दिसायला जवळजवळ सारखेच. तुमच्या स्पिंडलचा ग्रिपर कोणत्या कोनाचा आहे ते पुस्तकातून बघून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि जुने वापरलेले होल्डर स्वस्तात मिळाले तरी त्यांचे स्टड बदलल्याशिवाय मॅगझिनमध्ये घालू नका. चुकीच्या कोनाचा स्टड पकडला जातो, पण पूर्ण ताकदीनं नाही. हलक्या कटला काही कळत नाही. ६३ व्यासाच्या फेस मिलनं बीड कापायला लागलात की होल्डर टेपरमध्ये हलतो आणि टेपरवर चट्टे उठतात.

फिक्स्चर प्लेट तुमच्यासारख्या कामाला खरंच उपयोगी आहे. पन्नास मिलिमीटरच्या अंतरावर एम १२ चे टॅप आणि त्यांच्यामध्ये डॉवेल पिनसाठी १२ एच ७ चे (१२ मिलिमीटरचे अचूक मापाचे) बोअर, एवढं केलं तर फिक्स्चर बदलायला दहा मिनिटं पुरतात. पण आधी वजनाचं गणित करा. पूर्ण टेबलाएवढी ४० मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट १५७ किलोची होते. टेबलाची क्षमता ५०० किलो असेल तर फिक्स्चर, कास्टिंग आणि उद्या येणारा रोटरी टेबल यांना उरतात ३४३. शिवाय झेडमधली उंची ४० नं कमी होते, लांब ड्रिलला ती लागते. मी बहुतेकांना अर्ध्या टेबलाची प्लेट सुचवतो, उरलेला अर्धा चौथ्या अक्षासाठी. प्लेट बसवल्यावर त्याच मशीनवर वरून हलका कट घेऊन ती अक्षांना समांतर करा, मग डॉवेलचे बोअर करा. आणि पहिल्या डॉवेलचं यंत्र-निर्देशांकातलं स्थान वहीत लिहा. ऑपरेटरचा ऑफसेट चुकून पुसला गेला तर तेच तुमचं मूळ.

चौथा अक्ष आत्ता घेऊ नका, पण मशीन मागवतानाच त्याची 'तयारी' असलेलं घ्या, म्हणजे केबल, कनेक्टर आणि ॲम्प्लिफायरची जागा. ऑर्डर बदलायला अजून वेळ असेल तर आजच बोला, नंतर हेच काम बरंच महाग पडतं. तो येईल तेव्हा फिरण्याचा मध्य शोधायला घाई करू नका. चकमध्ये मँड्रेल धरून शून्य आणि १८० अंशांवर डायलचे दोन वाचन घ्या, त्यांचा मध्य तुमचा वाय. वरून उंचीसाठीही तसंच. टेलस्टॉक लावणार असाल तर लांब मँड्रेलवर वरून आणि बाजूनं दोन्हीकडे डायल फिरवा. वरून चांगला आणि बाजूनं ४० मायक्रॉन बाहेर, असं बऱ्याच शॉपमध्ये मिळतं.

हायड्रॉलिक फिक्स्चर तुम्ही करणारच, बिडाच्या कामाला ते हवंच. त्यात दोन गोष्टी माझ्या मते सोडता येत नाहीत. क्लॅम्पच्या लाइनवर प्रेशर स्विच लावून त्याचा सिग्नल इंटरलॉकमध्ये घ्या, दाब नसेल तर सायकल स्टार्ट झालंच नाही पाहिजे, आणि चालू असताना दाब पडला तर मशीन थांबलं पाहिजे. दुसरं, लाइनवर पायलट ऑपरेटेड चेक व्हॉल्व्ह लावा, कारण वीज जाते तेव्हा पंप थांबतो, पण स्पिंडल अजून फिरत असतो आणि जॉब सुटायला तेवढा वेळ पुरतो. या सिग्नलसाठी पीएमसीच्या लॅडरमध्ये बदल लागतो. तो कंपनीकडूनच करून घ्या, बाहेरच्या माणसाकडून नको. वॉरंटीचा प्रश्न आहेच. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे, कोणता रिले कशासाठी लावला हे दोन वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही. आणि दाराचा स्विच कुणीही, कुठल्याही कारणानं, चिप काढायची घाई आहे म्हणूनही, बायपास करू नये. माझ्या ओळखीच्या एका ऑपरेटरची दोन बोटं अशीच गेली.

मॅक्रोंबद्दल तुम्ही उत्साहानं लिहिलंय, ते मला आवडलं. सुरुवात छोट्या आणि सुरक्षेच्या मॅक्रोंपासून करा. सगळ्यात उपयोगी मॅक्रो म्हणजे टूल नंबर आणि लांबीच्या ऑफसेटचा (टूलच्या लांबीच्या नोंदीचा) नंबर जुळतोय का ते बघणारा. ५ नंबरचं टूल स्पिंडलमध्ये आणि एच ६ चा ऑफसेट, ही चूक शिकाऊ मुलाकडून होतेच. मॅक्रोत एच कोडचा आकडा हॅश (#) ४१११ या व्हेरिएबलमधून वाचता येतो आणि टी कोडचा हॅश ४१२० मधून. दोन्ही वेगळे असतील तर हॅश ३००० मधून अलार्म द्यायचा. पण तुमच्या मशीनला आर्मनं टूल बदलणारा एटीसी असेल, तर त्यात पुढचं टूल आधीच बोलावून ठेवायची पद्धत असते. त्यामुळे हॅश ४१२० मध्ये असतो तो पुढच्या टूलचा नंबर, स्पिंडलमधल्या टूलचा नाही. हे लक्षात न घेता केलेला मॅक्रो बरोबर प्रोग्रामवर अलार्म देतो, मग ऑपरेटर कंटाळून तो काढून टाकतो. उपाय असा, की टूल चेंजचा स्वतःचा छोटा प्रोग्राम करा, त्यात बदल होण्याच्या क्षणी टी नंबर हॅश ५०१ सारख्या कायम राहणाऱ्या व्हेरिएबलमध्ये साठवा आणि तुलना त्याच्याशी करा. ५०० पासूनचे व्हेरिएबल वीज गेल्यावरही राहतात. एम कोडनं असा प्रोग्राम बोलावण्यासाठी पॅरामीटर ६०७१ ते ६०७९ आहेत, ते ओ ९००१ ते ९००९ हे प्रोग्राम उचलतात. कंपनीनं टूल चेंजसाठी आधीच काही लिहून ठेवलंय का ते पाहा, त्यावर आपलं लिहू नका. काम झालं की ९००० चे प्रोग्राम पॅरामीटर ३२०२ मधून लॉक करा आणि प्रत्येक मॅक्रोची छापील प्रत वहीत लावा.

टच प्रोब आणि टूल सेटर हवेत का, हे लॉटवर अवलंबून आहे. महिनाभर एकच कास्टिंग चालत असेल तर चांगलं फिक्स्चर पुरेसं आहे, प्रोबचे पैसे होल्डरमध्ये घाला. दिवसाला तीन-चार वेगवेगळे जॉब असतील तर टूल सेटर आधी घ्या, प्रोब नंतर.

बिडाबद्दल एक वेगळी काळजी. बिडाची चिप वळत नाही, तिची काळी पूड होते, त्यात वाळूचे कण असतात. कोरडं कापलं तर ती हवेत उडून वायपरखाली आणि पॅनेलच्या पंख्यात जाते, ओलं कापलं तर कूलंट टाकीच्या तळाशी सिमेंटसारखा गाळ बसतो. मी ओलं कापतो आणि टाकीत मॅग्नेटिक सेपरेटर लावतो. दर शनिवारी टेलिस्कोपिक कव्हरच्या कडा आणि कूलंटचा गाळ हातानं काढून घ्या. कूलंट सहा ते आठ टक्के ठेवा, रिफ्रॅक्टोमीटरनं बघून, त्यावर दिलेला गुणक लावून. बोअरवेलचं जड पाणी घालू नका. कूलंटचं तेल नेहमी पाण्यात घालायचं, पाणी तेलात नाही, नाहीतर मिश्रण फुटतं. सोमवारी सकाळी वास आला तर वर तरंगणारं स्लाइडवेचं तेल आधी काढा. त्या तेलाचा थर हवा अडवतो आणि खालचे जंतू त्यातच वाढतात.

मशीन बसल्यावर साधारण एक महिन्यानं लेव्हल परत तपासा, आणि पहिला पावसाळा संपल्यावर आणखी एकदा. पाया नवा आहे, तो थोडा बसणारच. जिथं पहिल्यांदा ठेवली होती नेमकी तिथंच लेव्हल ठेवता यावी म्हणून टेबलावर मार्करनं तिची कड आखून ठेवा, आणि शक्यतो सकाळी त्याच वेळेला मोजा. एका रेघेच्या आत फरक असेल तर हात लावू नका. जास्त असेल तर आधी पायाला तडा गेलाय का ते बघा, मग बोल्टला पाना लावा, आणि त्यानंतर बॉलबार परत काढून पहिल्या कागदाशेजारी चिकटवा.